खाऱ्या पाण्यानं धुतलेली वाळू

दिवाळी अंकात लोक भविष्य वाचतात, विनोद वाचतात. मिस्त्रीची वाळू कोण वाचणार, असं मी संपादकांना तोंडावर विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "तुम्ही लिहा तर खरं." तर लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, यात गोड काही नाही. ज्याला करंजीसोबत वाचायचं असेल त्यानं खुशाल पान उलटावं, मला राग येणार नाही.

मी परभणी जिल्ह्यात बांधकामावर मिस्त्री होतो. साहेब कागदावर सही करतो, गवंडी थापी चालवतो, आणि दोघांच्या मधे उभा राहून दोघांच्या शिव्या खातो तो मिस्त्री. त्यात वाळू तपासायचं काम माझ्या गळ्यात. लोकांना वाटतं सिमेंट म्हणजे ताकद आणि वाळू म्हणजे नुसती भरती. अहो, मालात सिमेंटाच्या दुप्पट वाळू असते. तिच्यात खोट असली तर सिमेंट बिचारं काय करणार? नवरदेव देखणा आणि वऱ्हाड सगळं दारुडं, अशी गत.

तपासायची रीत साधी. उभ्या काचेच्या बाटलीत वाळू घ्यायची, वर पाणी घालायचं, खळखळ हलवायची आणि ठेवून द्यायची. वाळू जड, ती खाली बसते. माती हलकी, ती वर साय धरल्यासारखी बसते. साय जाड दिसली की वाळू परत. आणि झालेल्या कामाची तपासणी हातोडीनं. चांगलं काँक्रीट हातोडी मारली की खणकन बोलतं, आतून मेलेलं असलं की भद्द वाजतं. यंत्रं-बिंत्रं नंतर आली. माझी अख्खी नोकरी बाटली आणि हातोडीवर गेली.

वाळूऐवजी लोक काय काय वापरायचे ते ऐकलं तर हसाल. पूर्ण्याला रेल्वेचा एक इंजिन ड्रायव्हर होता. त्यानं इंजिनाची राख आणून आपल्या न्हाणीवर स्लॅब टाकला. मला मोठ्या ऐटीत दाखवला, म्हणाला, "मिस्त्री, फुकटात काम. तुमची वाळू बसली बोंबलत." मी म्हणालो, राख सळई खाते, पाण्याच्या जागी तर हमखास खाते. ऐकतो कशाला. काही वर्षांनी तो आंघोळ करत असताना वरून एक ढपली सुटली आणि सरळ बादलीत पडली. तो तणतणत माझ्याकडं आला, जणू मीच वरून टाकली. मी म्हणालो, राखेनं भांडी घासावीत. पुढं तो माझ्याशी कधी बोलला नाही.

हसण्यासारखं एवढंच. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. झरीच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं आता नवी पिढी आहे, तिच्या माथी कशाला मारा. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. छप्पन सालानंतर त्यांनी घरातले देव्हारे काढले, लेकरांना शाळेत घातलं, पण पाण्याचं जुनंच चालू होतं. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायांनी बाजूला उभं टाकायचं आणि कुणाला दया आली की त्यानं वरून घागरीत ओतायचं. कायदा होता ना. कायदा परभणीला होता, विहीर गावात होती. दुष्काळात विहिरीनं तळ गाठला तेव्हा "आधी गावाचं, मग तुमचं" सुरू झालं. दिवसभर उभं टाकून एक घागर मिळायची.

त्या वस्तीत गयाबाई होती. पन्नाशीची, उंच, रापलेली, नवरा कधीच गेलेला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुकादम. घरात सून कौसा आणि नातवंडं, मुलगा पोटासाठी बाहेर. एक दिवस तिनं वस्तीला गोळा केलं आणि सांगितलं, "आता कुणाच्या हिरीवर उभं टाकायचं न्हाई. आपली हीर आपुन खंदू." जागाही तिनंच दिली. ती चोपण जमीन. वर पांढरा खार फुटतो, कुसळसुद्धा नीट उगवत नाही. चांगली असती तर यांच्याकडं राहिली असती का?

दिवसभर खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी विहीर खोदायची. आणि पाणी लागलं. मचूळ होतं, त्यात डाळ शिजायची नाही, पण घसा ओला व्हायचा. सगळ्या मुलखाच्या विहिरी आटलेल्या आणि या उकिरड्यासारख्या जागेत पाणी. गावातल्या काही जणांना ते पाहवलं नाही, तेही खरं.

पण ती नुसती मातीची विहीर. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. पहिल्या मोठ्या पावसात ती आत कोसळणार हे शेंबडं पोरही सांगेल. आतून काँक्रीटचं अस्तर पाहिजे. गयाबाईनं तालुक्याला खेटे घालून परवान्यावर सिमेंट मिळवलं, सळई मिळवली. आणि काम बघायला साहेबांनी मला धाडलं.

अडलं ते वाळूपाशी. गोदावरीची वाळू उत्तम, पण आणणार कशानं? बैल छावणीत गेलेले नाहीतर बाजारात. ट्रक मोठ्या सरकारी कामांना जुंपलेले. वस्तीच्या जवळच दुष्काळी कामाची खदान होती आणि तिथं दगडाच्या चुरीचे ढीग पडलेले. याच बायांनी उन्हाळाभर फोडलेल्या दगडाची चुरी. त्यांनी ती डोक्यावरून वाहून आणली. गयाबाई मला ढीग दाखवत म्हणाली, "ही आमच्या हातची वाळू हाय, मिस्त्री. बगा."

मी बाटली भरली. वर चार बोटं साय.

दगडाची चुरी वाईटच असते असं नाही. आज मोठमोठ्या इमारती मशीनच्या वाळूवर उभ्या आहेत. पण चुरीतली धूळ धुवावी लागते. शिवाय त्या खदानीचा दगड हिरवट-पांढऱ्या ठिपक्यांचा, कुजका, पाणी पिणारा होता. मी म्हणालो, "दगड काही बदलता येत नाही. धूळ तरी धुवा. गोड्या पाण्यानं धुवा."

"गोड्या पाण्यानं?" गयाबाईनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खाली बघायला लागलो. "गोड्या पाण्याला आमची कौसा सकाळधरनं अजून गावच्याच हिरीवर उभी टाकलीय. एक घागर यील. ती वाळूला घालू का लेकरांला पाजू?"

"मग पावसाळ्यापर्यंत थांबा. पावसाच्या पाण्यानं धुवू."

"पाऊस पडल्यावर ही मातीची हीर ऱ्हाती व्हय? तुमीच सांगा."

राहणार नव्हती. आणि मी स्वतः दुपारी गावात चावडीवर बसून त्याच विहिरीचं गोडं पाणी तांब्याभर प्यालो होतो. ते तिलाही ठाऊक होतं. ती बोलली नाही एवढंच.

शेवटी त्यांनी चुरी धुतली, ती त्यांच्याच विहिरीच्या मचूळ पाण्यानं. आणि धुतली कशी? एक खड्डा केला, त्यात पाणी भरलं, पाटी बुडवून धुवायची आणि पाणी खड्ड्यातच निथळू द्यायचं. दुसरी पाटी त्याच पाण्यात, तिसरीही त्याच पाण्यात. गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी पुन्हा धुवायला. थेंबासाठी दिवस-दिवस उभं टाकलेल्या बायांच्या हातून पाणी फेकवेना. मचूळ झालं म्हणून काय झालं, पाणी ते पाणी. उन्हानं खड्ड्यातलं पाणी आटत होतं आणि खार मात्र तिथल्या तिथं घट्ट होत होता.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तर खड्ड्याच्या काठाला पांढरी रेघ धरलेली. वाळू बाटलीत घातली, साय नावाला नाही. कुणीही डोळे मिटून पास केली असती. मी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकलो.

"माती गेली, खार आला," मी म्हणालो. मग त्यांना बसवून समजावून सांगितलं. काँक्रीटमधली सळई खारानं गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. चोपण जमिनीचा खार बाहेरून खाणार, वाळूतला आतून. असलं काम शेवटाला जात नाही.

गयाबाईनं शांतपणे ऐकलं. "किती वर्सं टिकंल?"

"पाच. फार तर सात."

"सात वर्सं लय झाली," ती म्हणाली. "सात वर्सं कुणाफुडं उभं टाकायचं न्हाई. बांधा."

मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, दुष्काळात असलं बघत बसलो तर एक काम उभं राहणार नाही, सध्या पाणी द्या, पुढचं पुढं. तेही अगदीच खोटं नव्हतं.

त्या विहिरीवर यायला गावचा गवंडी तयार होईना. कुणाची कंबर दुखायची, कुणाच्या घरी लग्न निघायचं. तेव्हा मी माझ्या चुलत्यांना आणलं, नागनाथआप्पांना. आम्ही लिंगायत. आप्पा निजामाच्या अमलातले चुन्याचे गवंडी, गळ्यात लिंग, तोंडात हमेशा पान. सिमेंटाला ते उतावळ्याचा माल म्हणायचे. त्यांना चुना आणि सुरखी, म्हणजे विटेची पूडच पाहिजे होती, पण चुना मळायची घाणी ओढायलाही बैलच लागतात. कुरकुरत का होईना, त्यांनी सिमेंटाचं काम केलं. पहिल्या दिवशी गयाबाईच्या हातचा तांब्या घेऊन पाणी प्याले आणि म्हणाले, "मचूळ हाय, पण गार हाय." आमच्या भावकीत त्यावरून बरीच कुजबुज झाली. आप्पा म्हणाले, कुजबुजणाऱ्यांनी येऊन घमेली उचलावीत.

अस्तर झालं, वर कठडा झाला, ओटा झाला, रहाट बसला. रहाटानं पहिलं पाणी काढायच्या दिवशी बाया सवयीनं बाजूला रांग धरून उभ्या राहिल्या. गयाबाई त्यांच्यावर खेकसली, "तिकडं कामून टाकल्या उभ्या? वर चढा. समद्या वर चढा." एकेक करत सगळ्या ओट्यावर चढल्या, म्हाताऱ्यासुद्धा. कुणी दोराला हात लावून बघत होतं, कुणी कठड्यावरून आत वाकत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. आणि त्याच वेळी माझ्या पायाखालचं काँक्रीट काय आहे, हेही मला माहीत होतं.

पुढं झरीच्या रस्त्यानं कधीही जायचं झालं की मी वाकडी वाट करून तिथं जायचो. गयाबाई चहा टाकायची. मी दोरावरून उतरून हातोडी मारायचो. पहिली वर्षं खणकन आवाज यायचा. मला वाटायचं, आपलं ज्ञान खोटं ठरतंय, ठरू दे बाबा. मग पाणी जिथं पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात उतरतं त्या पट्ट्यात खाराचा पांढरा लोणा फुटला. काँक्रीट तिथंच आधी मरतं, सदा ओलं तेही टिकतं, सदा कोरडं तेही टिकतं, ओलं-कोरडं होणारं मरतं. त्या खारामागून गंजाचे तांबूस ओघळ आले. आप्पांनी एकदा चुन्यानं भेगा बुजवल्या, वरवरची मलमपट्टी. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या पट्ट्यात सगळीकडं भद्द वाजलं.

मी अहवाल लिहिला. विहीर धोक्याची, ताबडतोब बंद करावी, गोदावरीच्या वाळूनं नवं अस्तर करावं. कागद परभणीला गेला. आणि पावसाळा आला. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात काय पेटलं होतं ते जाणत्यांना सांगायला नको. वस्त्या जळत होत्या. या गावात जळलं काही नाही, पण माणसं एकमेकांकडं बघायची बंद झाली होती. गावच्या विहिरीकडं जायची वस्तीतल्या एकाही बाईची छाती नव्हती.

अशा वेळी मी बाभळीच्या काट्या घेऊन वस्तीत गेलो, विहीर बंद करायला. सगळी वस्ती बघत होती. मी ओट्याभोवती काट्या लावल्या आणि सांगितलं, इथं कुणी पाऊल ठेवायचं नाही, कधी जाईल नेम नाही.

गयाबाई म्हणाली, "लावा काट्या. पाणी कुठून आणायचं ते बी लावून जा."

मी हातातली काटी रोवत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

"तुमी तुमचं काम केलं, मिस्त्री. तुमच्यावर राग न्हाई," ती म्हणाली. "पण ही लेकरं तहानंनं मरत्याल त्यापरीस मी एकटी वर जाते. बाकी कुणी यायचं न्हाई."

"गयाबाई, वजन बाईमाणसाचं असो का पाखराचं, ते काँक्रीट आतून गेलंय."

"माजं वय झालंय. कौसाचं न्हाई झालं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं एका बाजूच्या काट्या सारल्या. ती एकटी ओट्यावर चढायची, पाणी शेंदून घागरी खाली ठेवायची आणि दूर व्हायची. बाया लांब लिंबाच्या झाडापाशी थांबायच्या, तिनं हात केला की येऊन घागरी उचलायच्या. जिनं उभं टाकायचं नाही म्हणून विहीर खोदली, तिनंच आता सगळ्या वस्तीला लांब उभं केलं होतं. हे मी बघितलं आणि मला तिथं थांबवेना.

मी परभणीला चकरा मारल्या. कचेरीत सांगायचे, वातावरण निवळू द्या, पावसाळा सरू द्या, कागद वर गेलाय. एका साहेबाला मी बोलू नये ते बोललो. त्याचा काही उपयोग झाला नाही.

पोळा होऊन गेला होता. सलग पाऊस पडून उघडीप झाली होती. भिजलेली काळी माती फुगून बाहेरून दाबत होती आणि विहिरीतलं पाणी उतरून आतला आधार गेला होता. सकाळच्या पाण्याला गयाबाई वर चढली. कौसानं मला नंतर सांगितलं, आवाजसुद्धा मोठा झाला नाही. कठडा, ओटा आणि रहाट, सगळं मिळून आत बसलं. बाया लिंबापाशी होत्या म्हणून वाचल्या, सगळ्या.

मी पोचलो तेव्हा तिला काढायचं चाललं होतं. गावातली माणसंही दोर घेऊन आली होती. आली, हेही सांगितलं पाहिजे. त्यातला एक तर कमरेएवढ्या चिखलात उतरला होता. आप्पा म्हातारे झालेले, पण तेही आले आणि जमिनीवर बसून राहिले, तोंडात पान नाही. मी तुटलेलं काँक्रीट हातात घेतलं. ते ओल्या गुळासारखं फुटलं. सळईच्या जागी नुसती तांबडी भुकटी. फार तर सात वर्षं म्हणालो होतो, मनात पाचच धरली होती. माझा अंदाज बरोबर निघाला, आणि त्या दिवशी मला माझ्या कामाची किळस आली.

मग कागद हलले. मेलेल्या माणसाची सही लागली की कागद फार भरभर चालतात आपल्याकडं. गोदावरीच्या वाळूचा ट्रक आला, सिमेंट आलं, जुनं सगळं उपसून काढलं. नवं अस्तर आम्ही केलं आणि ते आजही उभं आहे. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते वाळू धुतली त्या दिवसाचं.

मी हट्ट धरला होता की वाळूला आणि मालाला गोडंच पाणी पाहिजे, नाहीतर मी कामावर उभा राहणार नाही. आणि खरंच टँकर आला. वाळूसाठी आलेला टँकर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. जे पाणी गयाबाईला मागून मिळालं नव्हतं, ते ती गेल्यावर तिच्या दारात येऊन थांबलं होतं.

वस्तीतल्या बाया घागरी घेऊन आल्या. विहीर बसल्यापासून त्या लांबच्या मळ्यातून पाणी आणत होत्या, मळेवाल्याची मर्जी असेल तेव्हा. मी ड्रायव्हरला म्हणालो, "वाळू राहू दे. आधी यांच्या घागरी भर."

कौसा पुढं आली. कडेवर धाकटी पोर. "न्हाई," ती म्हणाली. "आदी वाळू धुवा, मिस्त्री."

"अगं, लेकरं तहानलेली आहेत. वाळू उद्या धुवू."

"आदी वाळू धुवा. आमी थांबताव." तिनं घागर खाली ठेवली. "आमाला उभं टाकायची सवय हाय."

मग बाकीच्यांनीही घागरी खाली ठेवल्या.

मी वाळू धुतली. पहिलं पाणी गढूळ आलं, ते सोडून दिलं. दुसरं सोडलं, तिसरं सोडलं. गोडं पाणी त्या पांढऱ्या चोपण जमिनीवरून वाहत जात होतं आणि बाया बघत होत्या. कुणी ते अडवलं नाही, कुणी खड्डा केला नाही. पाणी निवळशंख येईपर्यंत मी धुतलं, आणि हात थांबला की कौसा म्हणायची, "अजून एकदा."

मालापुरतं पाणी पिंपांत काढून ठेवलं. टँकरमधलं उरलेलं घागरींत भरलं, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला अर्धी घागर आली.